दोन नावांची बाई

अमिरातीतल्या फुजैराला राहत होतो तेव्हा माझ्या व्हिसावर ‘हाउसवाइफ’ असा शिक्का होता. नवरा तेलाच्या टर्मिनलवर नोकरीला. सकाळी साडेसहाला त्याची बस गेली, मुलगी शाळेत गेली, की समोर नांगर टाकून उभी असलेली जहाजं आणि मी. मी बी.एस्सी., बी.एड. लग्नाआधी तीन वर्षं हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवलेलं. तिथे आल्यापासून फक्त मुलीला पाढे शिकवले, आणि तीसुद्धा ‘नॉट नाऊ, आई’ म्हणून पळायची.

म्हणून गावातल्या इंडियन स्कूलची शास्त्राची बाई नवऱ्याच्या बदलीमुळे मस्कतला गेली आणि मुख्याध्यापिकेने मला बोलावलं, तेव्हा मी घरी येऊन आधी चार सुती साड्यांना इस्त्री केली. एप्रिलमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आत कागद पूर्ण झाले तर जागा माझी, असं ठरलं होतं. हातात पाच आठवडे होते.

कागदांचं काम शाळेचा पीआरओ बघायचा. पन्नाशीचा, मल्याळी, सरकारी कचेऱ्यांतला एकूण एक दरवाजा माहीत असलेला गृहस्थ. त्याने माझा पासपोर्ट आणि पदवी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि चष्मा वर केला.

“मॅडम, ये तो कोई और लेडी है.”

खरंच होतं ते. पदवीवर माझं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर सासूबाईंनी ठेवलेलं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. तिन्हीतलं एकही जुळत नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं, फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला नाही म्हणून पुसून पुन्हा लिहिलं होतं. तेव्हा मी हसले होते. तेवीस वर्षांची होते, हसण्याचंच वय. मॅरेज सर्टिफिकेट होतं, पण त्यात लग्नाआधीचंच नाव. पासपोर्ट काढला तो रेशनकार्डावरून. ती बाई लग्नानंतर कुठे गेली आणि मी कुठून उगवले, हे सांगणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

पीआरओ मला शिक्षण खात्याच्या कचेरीत घेऊन गेला. तिथले साहेब सुदानी, उंच, फार सभ्य. पीआरओने त्यांना अरबीत समजावलं, हात हलवून समजावलं, शेवटी कागदावर बाण काढून समजावलं. साहेबांना आडनाव बदललेलं कसंबसं पटलं. बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, इथे घोडं पेंड खाऊ लागलं. आणि बाईचं स्वतःचं नाव बदलतात म्हटल्यावर तर त्यांनी पेनच खाली ठेवलं. त्यांनी काहीतरी विचारलं, आणि पीआरओ माझ्याकडे बघेना.

“क्या बोला?”

“बोलता है, इनके यहाँ औरत मरने तक बाप के नाम से रहती है. पूछता है, आपके बाप ने कुछ गुनाह किया था क्या?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांवर नाही, त्यांचा प्रश्न चोख होता. बुरख्यातल्या बायकांची कीव करत मी त्या गावात सात वर्षं काढली होती, आणि त्या सगळ्या आपापल्या बापाच्या नावाने नांदत होत्या.

साहेबांनी शेवटी मार्ग काढून दिला. ज्याने नाव बदललं त्याच्याकडून तसं लिहून आणा, त्यावर दुबईच्या तुमच्या वकिलातीचा शिक्का घ्या, मग बघू, इन्शाल्ला.

म्हणजे सासूबाई. मी नवऱ्याला सांगितलं, फोन तू कर. हे नाव मला कधीच आवडलं नव्हतं आणि आता तेच माझं आहे असं लिहून द्या म्हणून मी त्यांच्या विनवण्या करणार नव्हते. शुक्रवारी फोनचा दर कमी असायचा, तेव्हा त्याने फोन केला. पलीकडून सासूबाई एवढंच म्हणाल्या, “वकिलाकडे जाऊन येते.”

तीन आठवडे काही नाही. मी मनात त्यांना बरंच काही बोलून घेतलं. त्यांना मी नोकरी करायला नकोच आहे, इथपर्यंत माझी मजल गेली. मग मुंबईहून परतलेल्या नवऱ्याच्या सहकाऱ्याने एक पाकीट आणून दिलं.

स्टँपपेपरवर इंग्रजीत टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र होतं. नवरा मोठ्याने वाचत होता. माझ्या सुनेचे लग्नापूर्वीचे नाव अमुक, लग्नात मी ते बदलून तमुक ठेवले, दोन्ही एकच व्यक्ती. पुढच्या परिच्छेदाला तो थांबला. आमच्या घरात ही पद्धतच आहे, याला पुरावा म्हणून मी माझेही सांगते, असं म्हणून सासूबाईंनी स्वतःचं लग्नाआधीचं नाव दिलं होतं.

“हे कुणाचं नाव?” नवऱ्याने विचारलं.

“तुझ्या आईचं.”

तो अडतीस वर्षांचा होता आणि आईचं मूळ नाव त्याने पहिल्यांदा वाचलं होतं. त्याचे मामा तिला ताई म्हणायचे, बाकी सगळे आई, काकू, वहिनी. खाली मराठीत सही होती, आणि सहीच्या आधी एक अक्षर लिहून खोडलेलं होतं. ते त्या जुन्या नावाचं पहिलं अक्षर होतं. मला तेव्हा माझीच लाज वाटली.

वकिलातीने शिक्का मारला. सुदानी साहेबांनी खोडलेल्या अक्षरावर बोट ठेवलं, सगळा कागद दोनदा वाचला, आणि “खलास”, म्हणजे झालं काम, म्हणून सही केली. शाळा सुरू व्हायला चार दिवस होते.

पुढच्या शुक्रवारी फोन मी केला. नोकरी लागली म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं. शिकलेलं वाया जायला नको.” ठेवते म्हणायच्या आत मी विचारून टाकलं.

“आई, तुमचं बदललं तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं होतं?”

“वर्षभर कुणी हाक मारली तर वळायचेच नाही मी. आमच्या सासूबाईंना वाटलं, सून बहिरी आहे.”

“मग माझं का बदललंत?”

लाइनवर खरखर होत होती.

“अगं,” त्या म्हणाल्या, “नाही बदललं तरी चालतं, हे मला कुणी सांगितलंच नाही.”