कुठली न्हाय, ते सांगा

कमल गेली ते मला इंदापूरच्या स्टँडवर कळलं. तिच्यासाठीच भाकरी घेऊन मी दवाखान्याकडं निघाले होते. चुलतभाऊ समोरून आला आणि म्हणाला, "अक्का, आता जाऊ नगंस..." फडक्यातली भाकरी अजून गरम होती.

कमल माझ्या पाठची. मी चौथीनंतर मेंढरांमागं गेले, ती शिकत राहिली आणि बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवू लागली. तिथं तिला कॉम्प्युटरची एक भाषा भेटली. त्या भाषेला मालक नव्हता, देशोदेशीची माणसं मिळून ती वाढवत होती. नवी सोय हवी असेल तर कुणीही सूचना लिहून ई-मेलनं पाठवायची, मग ती माणसं त्या सूचनेचा कीस काढायची. कमलचं मागणं साधं होतं. दोन याद्या ताडून बघताना पहिलीतलं दुसरीत काय नाही, ते त्या भाषेनं नावानिशी सांगावं. उत्तर आलं, याची गरजच काय? ते उत्तर कागदावर छापून घेऊन ती रविवारी घरी आली. "अक्का, गरज कशी दाखवू यांना?" मी भाकरी थापत होते. "तात्यांचं सांग की," म्हटलं.

आमच्या वडलांनी, तात्यांनी, मेंढरं कधी मोजली नाहीत. संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळ्याच्या, तोंडाशी उभे राहायचे. एकेक आत जायचं आणि शेवटी ते म्हणायचे, "तुटक्या कानाची न्हाय आली." मग सरळ ओढ्याकडं निघायचे, कारण ती तिथंच रेंगाळायची. नुसत्या आकड्यानं मेंढी सापडत नाही.

कमलनं हेच लिहून पाठवलं. आमचे चुलते आबा हसले, "परदेशातल्यांना मेंढरं राखाय शिकवतीस व्हय गं?"

"व्हय आबा. त्यांची बी हरवत्यात."

या खेपेला उत्तर आलं, सोय घेऊ, पण नावं नकोत, किती कमी तेवढा आकडा पुरे. मी भित्री. म्हटलं, "घे की, एवढं तरी मिळतंय." तिनं माझ्याकडं असं पाहिलं... "आकडाच पायजे आसंल तर माझी सूचना फाडून टाका, आसं लिवणार हाय मी." आणि लिहिलं. कितीतरी महिने काही आलं नाही. आबा विचारायचे, "घावली का गं मेंढी?" ती मान ताठ ठेवून म्हणायची, "घावंल."

घावली. सूचना जशीच्या तशी मंजूर झाली, आणि त्या भाषेच्या माहितीत उदाहरण म्हणून तुटक्या कानाची मेंढीसुद्धा गेली.

दहाव्याला बायका म्हणाल्या, "घरातलं एक माणूस कमी झालं." चारचौघांत मी कधी तोंड उघडलेलं नाही. त्या दिवशी उघडलं. "एक माणूस न्हवं. कमल."

आता वाघरीच्या तोंडाशी मी उभी राहते. मोजत नाही. सगळी आत गेली की मोठ्यानं म्हणते, "कमल न्हाय आली." आबा म्हणतात, "पुरं कर आता, पोरी."

करणार नाही.