फोटोत माणूस नको

फेरिदूनदादाला एका ट्रामचा फोटो काढायला कधीकधी दुपार उलटायची, कारण त्याला फोटोत माणूस चालत नसे. खांबाला टेकलेला म्हातारा निघून जायला हवा, फळवाल्याची गाडी पुढे सरकायला हवी, खिडकीतल्या बाईने मान आत घ्यायला हवी, मग कुठे हा बटण दाबणार. तोवर ट्राम पुढे गेलेली असायची. "येईल परत," तो म्हणायचा आणि तिथेच उभा राहायचा. मोडा वस्तीला वळसा घालून काडिकॉयला परत येणारी ती छोटी ट्राम खरोखरच परत यायची, म्हणून त्याचं निभावलं.

अठ्ठावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा. एका विमा कंपनीत तीस वर्षं फायली लावून निवृत्त झालेला. उस्कुदारला चौथ्या मजल्यावर विधवा बहिणीबरोबर राहायचा. बहिणीचं नाव मुअल्ला. शहरातली प्रत्येक ट्राम, बस आणि बोट त्याला नंबरानिशी पाठ. अमुक बसचा मागचा दरवाजा कुठल्या साली बदलला, तमुक बोटीचं धुरांडं कधी रंगवलं, हे विचारायला बाहेरगावचे लोक त्याला पत्रं लिहायचे.

दर शनिवारी आम्ही चौघे फोटो काढत हिंडायचो. मी नझ्मी, माझं किल्ल्या करून देण्याचं दुकान आहे. बेकिर बँकेत होता. आणि दंतवैद्य तुर्गाय. तुर्गायकडे हाताएवढ्या लांबीची लेन्स होती आणि त्याहून लांब जीभ.

"दादा," तो म्हणायचा, "तुला स्वर्गात नेलं ना, तरी तू आधी फाटकावर नंबर कुठे लिहिलाय ते बघशील."

"असेलच ना नंबर," फेरिदूनदादा गंभीरपणे म्हणायचा. "नसेल तर लोक ओळखणार कसे?"

आम्ही पोट धरून हसायचो. तोही हसायचा, जरा उशिराने.

त्या शनिवारी, मार्चच्या अखेरीस, गुलबाहार नावाची जुनी बोट शेवटची फेरी मारणार होती. तीन चाळीसला काडिकॉयहून पलीकडच्या काठावर काराकॉयला. नंतर भंगारात. ती आणि फेरिदूनदादा एकाच सालचे. वडिलांनी त्याला पहिल्यांदा समुद्रावर नेलं ते तिच्यावरूनच, आणि त्यांची मय्यत पलीकडून आणली तीही तिच्यावरूनच. महिनाभर तो दुसरं बोलत नव्हता. कुठल्या धक्क्यावर उभं राहायचं, ऊन कुठून येईल, सगळं ठरवून झालं होतं. त्या दिवशी त्याने इस्त्रीचा कोट घातला होता.

"लग्नाला निघालास की काय?" बेकिरने विचारलं.

"निरोपाला," तो म्हणाला.

सकाळी आम्ही उस्कुदारच्या धक्क्यावर बसगाड्या टिपल्या. मुअल्लाताईंनी पालक-चीजच्या पोळ्यांची चळत चौघांना पुरेल अशी बांधून दिली होती. त्या नेहमीच द्यायच्या, आम्ही मात्र त्यांना कधी काही नेलं नव्हतं. निम्म्या पोळ्या चहाबरोबर खाल्ल्या, उरलेल्या दुपारी बोटीजवळ खाऊ म्हणून ठेवल्या. मग बोटीला वेळ होता म्हणून मोडाला ट्रामकडे गेलो.

वळणावर फेरिदूनदादा फुटपाथच्या कडेला उभा राहिला. उरलेल्या पोळ्यांची पिशवी त्याने माझ्याकडे दिली. आम्ही तिघे समोर चहाच्या दुकानाबाहेर बसलो. त्याच वेळी शिकवणीचे वर्ग सुटले आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचा घोळका थांब्यावर आला. ट्राम आली. मुली चढल्या. फेरिदूनदादाने कॅमेरा खाली घेतला, कारण आता चौकट भरून माणसंच होती. पुढची ट्राम आली, तेव्हाही मुली. त्याने पुन्हा कॅमेरा उचलला, पुन्हा खाली घेतला. तिसऱ्यांदाही तेच.

शेजारच्या टेबलावर एक बाई ट्रामने येणाऱ्या मुलीची वाट बघत बसली होती. तिने आम्हाला विचारलं, "तो माणूस मघापासून कशाचे फोटो काढतोय हो?"

तुर्गायने खुर्ची मागे रेलली. आम्हाला डोळा मारला. "अहो ताई, त्याचं वय झालं तरी लग्न नाही झालेलं. काय काढणार? तुम्हीच बघा, गाडी रिकामी असली की काढत नाही."

बेकिर हसला. मीही हसलो. लग्नाचं खरंच होतं, गाडीचं तेवढं उलटं होतं.

बाई हसली नाही. ती उठली आणि सरळ रस्ता ओलांडून गेली. तिने त्याला काय विचारलं ते ऐकू आलं नाही. त्याने नेहमीसारखं समजावून सांगायला सुरुवात केली असणार, कारण तो हाताने ट्रामच्या कपाळावरचा नंबर दाखवत होता, आणि त्या नंबराच्या वर काचेआड दोन मुली उभ्या होत्या. बाई किंचाळली. "निर्लज्जा! माझी पोरगी आहे ती!"

बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला. मग न्हाव्याच्या दुकानातले दोघे. कोणीतरी विचारलं काय झालं, कोणीतरी सांगितलं, आणि सांगता सांगता ते वाढत गेलं. बेकरीवाल्याने कानाखाली दिली, चष्मा रुळात पडला. फेरिदूनदादाने तोंड झाकलं नाही. दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी धरला आणि तोंड उघडं टाकलं. नाकातून रक्त आलं, इस्त्रीच्या कोटावर ओघळलं. आजूबाजूचे मोबाईल वर झाले होते.

त्याने आमच्याकडे बघितलं. चष्म्याशिवाय त्याला आम्ही अंधुकच दिसत असणार, पण कुठे बसलोय ते ठाऊक होतं.

"तुर्गाय! अरे, सांग ना यांना! नझ्मी!"

सगळे वळले. बेकरीवाल्याने विचारलं, "तुमच्यातला आहे का हा?"

तुर्गायचा चेहरा पांढरा पडला होता. त्याचा दवाखाना त्याच गल्लीत होता, त्यातले निम्मे लोक त्याचे रोगी. तो म्हणाला, "चेहऱ्याने ओळखतो. इथे येतो कधीकधी."

बेकरीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी त्या पिशवीवर हात ठेवून बसलो होतो. मी खांदे उडवले.

एवढंच केलं मी. तोंडातून शब्दही काढला नाही.

पोलिसांची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. जाताना त्याने पुन्हा हाक मारली नाही.

मग बेकिर म्हणाला, "ठाण्यात जायला हवं ना?"

"जाऊ की," तुर्गाय म्हणाला. "कॅमेरा बघतील, सोडून देतील. त्यात काय सापडणार आहे? आधी बोट. ती काय थांबणार आहे होय आपल्यासाठी?"

आम्ही बोटीकडे गेलो. धक्क्यावर गर्दी होती, बँड होता. तुर्गायने फेरिदूनदादाने ठरवलेलीच जागा धरली, कारण जागा खरंच उत्तम होती. वाट बघता बघता त्याने माझ्या हातातली पिशवी उघडली. "वाया जातील," म्हणाला. पोळ्या गार झाल्या होत्या, तरी चवीला चांगल्या होत्या. मी दोन खाल्ल्या. तीन चाळीसला गुलबाहारने लांब भोंगा दिला. लोक रडले. बेकिरही रडला.

ठाण्यात कोणी गेलं नाही. गेलो असतो तर आधी का बोलला नाहीत, हे सांगावं लागलं असतं.

तिथे काय झालं ते मुअल्लाताईंकडून कळलं. पोलिसांनी कॅमेऱ्यातले सगळे फोटो बघितले. अंमलदाराने बाकीच्यांना बोलावून घेतलं. "या रे, गंमत बघा! तीन हजार फोटो आणि एक माणूस नाही! काका, तुम्हाला माणसांचं वावडं आहे का?" सगळे हसले. मग त्याला सोडलं. तक्रार नाही, गुन्हा नाही. तोंड धुवायला पाणी दिलं.

पण मोबाईलमधल्या त्या चित्रफितीला तीन हजार रिकाम्या ट्रामचं काय? ती संध्याकाळपर्यंत घरोघर पोचली होती. खाली लिहिलं होतं, "मोडाचा विकृत म्हातारा." सोमवारी इमारतीचा सेक्रेटरी वर आला. म्हणाला, "माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण दुसऱ्या मजल्यावर दोन मुली आहेत, समजून घ्या." मुअल्लाताईंच्या भिशीतल्या बायकांनी पुढची भिशी कुठे आहे ते त्यांना सांगितलंच नाही. जिन्यात कोणीतरी त्यांच्या दाराशी कचऱ्याचा डबा उपडा करायला लागलं. महिन्याभरात त्यांनी घर विकायला काढलं.

मी गेलो तेव्हा सामान बांधलेलं होतं. मी गुलबाहारचा फोटो चौकटीत घालून नेला होता. आज आठवलं की कानशिलं तापतात, पण त्या वेळी मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल.

मुअल्लाताईंनी चहा दिला आणि त्या आत गेल्या. फेरिदूनदादाने नवा चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"तिरका आलाय," तो म्हणाला. "धुरांडं वरून कापलंय."

"गर्दी होती दादा, धक्के बसत होते."

"तुम्ही माझ्याच जागेवर उभे होतात."

"हो."

"चांगली आहे ना जागा?"

मी मान हलवली. मग बोलून टाकलं, "मला वाटलं तुर्गाय सांगेल."

"आणि तुर्गायला वाटलं असेल तू सांगशील." तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "त्या बाईचं बरोबर होतं रे. तिची मुलगी होती. तिला काय माहीत? माहीत तुम्हाला होतं."

त्याने फोटो माझ्या हातात परत दिला. "यात फार माणसं आहेत," म्हणाला.

ते योजगातला गेले, धाकट्या भावाच्या गावी. तिथे ट्राम नाही, आणि समुद्र तर दिवसाच्या अंतरावर. पन्नास डबे भरतील एवढे त्याचे फोटो त्याने कुठल्याच संस्थेला दिले नाहीत. त्यांचं काय झालं, कोणालाच माहीत नाही.

तुर्गायने त्या शेवटच्या फेरीचा फोटो एका स्पर्धेला पाठवला, त्याला दुसरं बक्षीस मिळालं. आम्ही चहा प्यायलो. तो म्हणाला, "दादा आधीपासूनच जरा विचित्र होता, नाही का? माणूस चालत नाही म्हणे फोटोत!" बेकिर म्हणाला, "हो ना." मी काहीच म्हणालो नाही. त्या दुपारी जे केलं होतं तेच.

गेल्या ईदला मी योजगातला फोन केला. मुअल्लाताईंनी उचलला. मी नाव सांगितलं.

"तो बरा आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर पडत नाही. रस्त्याकडे पाठ करून बसतो."

"ईद मुबारक सांगायचं होतं त्याला. जरा फोन देता का?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. त्या विचारायला गेल्या होत्या की नुसत्याच उभ्या होत्या, कळलं नाही.

"नझ्मी," त्या शेवटी म्हणाल्या, "पुन्हा फोन करू नकोस हां, बाळा."

बाळा म्हणाल्या. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे.

शनिवारी आम्ही अजून जातो. हल्ली तिघेच.