पाहुण्याच्या हातातली पिशवी

पायाला लघवीची पिशवी बांधून चालायला लागलो तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो तिचा कोमटपणा. आपल्याच अंगातून निघालेलं पाणी आपल्याच पोटरीला येऊन टेकतं आणि पावलागणिक आत डुचमळतं. मला त्याची शिसारी यायची. भेटेल तो सांगायचा, होईल सवय. ज्यांच्या पायाला काही बांधलेलं नसतं, त्यांना दुसऱ्याच्या सवयीची फार खात्री असते.

मी वीज खात्यात वायरमन होतो. सापगावपासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत तारांखालून चालण्यात आणि खांबावर चढण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर शेणव्याजवळच्या आमच्या गावी थोडं भात आणि बांधावरचा वाल, एवढंच पाहत होतो. मागच्या भातकापणीत एका सकाळी लघवी अडली. पोट हंड्यासारखं तट्ट फुगलं. शहापूरला नेलं, डॉक्टरांनी नळी घातली, आणि इतकं पाणी निघालं की मलाच लाज वाटली. लघवीच्या वाटेवरची ग्रंथी सुजली होती. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. पण डॉक्टरांनी छाती तपासली, दवाखान्याचा जिना चढायला लावला आणि मान हलवली. मला दम पुरत नव्हता.

"रोज चाला," ते म्हणाले. "थंडी सरेपर्यंत दम वाढला तर ऑपरेशन करू, नळी काढून टाकू. खाट धरलीत तर मी हात लावणार नाही. मग ही नळी जन्माची."

खाट धरणं म्हणजे काय ते मी पाहिलं होतं. थोरल्या भावाला अशीच नळी लागली आणि तो ओटीवर आडवा झाला, तो झालाच. पाठीला जखमा झाल्या. उदबत्ती लावली तर वास जायच्या ऐवजी दोन वास यायचे. मी त्याच्या पायाशी श्वास रोखून उभा राहायचो आणि काहीतरी निमित्त काढून सटकायचो. तेव्हापासून आमच्या घरात 'नळी लागली' हे शब्द दबक्या आवाजातच बोलले जातात. नळी लागली म्हणजे तिकीट फाटलं.

त्यामुळे मला नळी लागल्याचं कळताच अख्खा गाव बघायला लोटला. बिस्किटाचे पुडे आले, शहाळी आली. माणसं माझ्याकडे बघून बोलायला सुरुवात करायची आणि बोलता बोलता नजर घसरत खाटेच्या दांडीला अडकवलेल्या मोठ्या पिशवीवर जाऊन थांबायची. एक लांबची चुलती तर रोज यायची. पोह्यांचा बकाणा भरून तिने पिशवीकडे मान वळवली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "आज रंग बरा हाय गो. परवा पार चहावानी होता." आणि खरोखरचा चहा मागितला. मला ओकारी यायची बाकी राहिली.

या लोकांपासून सुटायचं म्हणून तरी मी चालायला लागलो असतो. सकाळी ऊन अंगावर आलं की निघायचं, शेणव्याच्या नाक्यावर चहा घ्यायचा आणि परतायचं. नर्सबाईंनी पढवून ठेवलं होतं. नळी मांडीला पट्टीने चिकटवायची, पण ढिली, तिच्यावर ताण येता कामा नये. पिशवी कायम कमरेच्या खाली, नाहीतर घाण उलटी पोटात जाते. पाणी भरपूर प्यायचं. पिशवी अर्धी झाली की रिकामी करायची. घरात मोठी पिशवी, बाहेर पडताना पायजम्याच्या आत पोटरीला बांधायची लहान.

सांगायला सोपं. चालताना मध्येच ओटीपोटात अशी कळ यायची की वाटायचं, आता धावत कुठेतरी गेलंच पाहिजे. कुठे जाणार? जायचं ते आधीच पिशवीत गेलेलं असायचं. घामाने पट्टी सुटायची, पोटरीची कातडी सोलवटायची. करवंदीच्या जाळीमागे उभं राहून पायजमा वर करायचा, पिशवीची तोटी उघडायची आणि वाऱ्याची दिशा चुकली की बोटांवर, चपलेवर शिंतोडे. बरोबर नेलेल्या बाटलीतल्या पाण्याने हात किती धुवायचे आणि प्यायला किती ठेवायचं, हाही रोजचा एक घोळ. एकदा रस्त्यावरून एकाने हाक मारली, "काय वायरमन, काय हरवला?" मी म्हणालो, "चष्मा." चष्मा माझ्या नाकावर होता.

पण चाललो. नाक्याच्या अलीकडे एक चढ आहे. सुरुवातीला त्या चढावर मी पुन्हा पुन्हा थांबायचो, म्हशीसारखा फुरफुरायचो. थंडी पडेपर्यंत तो चढ न थांबता चढू लागलो. डॉक्टरांनी पुन्हा छातीला नळकांडं लावलं आणि म्हणाले, असंच चालू ठेवा, संक्रांतीनंतर बघू. त्या दिवशी मी नाक्यावर दोन भजी जास्त खाल्ली.

घरात मला राग यायचा तो बायकोचा. सकाळी ती खाटेची मोठी पिशवी काढायची आणि बादलीत घालून परसाच्या पार टोकाला, केळींपलीकडे ओतून यायची. मोरीत वास राहतो म्हणून लांब जाते असं मी समजायचो. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मी काही बोललो तर म्हणायची, "घाण कसली त्यात? आपलंच तर हाय." मला ते ऐकवत नसे. माझ्या नाकाला जे कळतं ते हिच्या नाकाला कळत नाही का? घाणीला घाण म्हणणारं घरात एक तरी माणूस असावं असं मला फार वाटायचं.

पौषाआधी तिच्या भाचीचा साखरपुडा निघाला. तिचं माहेर मुरबाडकडे, सिद्धगडाच्या अंगाला. बायको म्हणाली, तुमी नाय आलात तरी चालंल. ते मला लागलं. त्या बाजूच्या डोंगरातले खांब मी रोवलेत, आणि मी नाही आलो तरी चालेल? मी जाणारच म्हणालो. पोटरी तेव्हा फारच सोलवटली होती, म्हणून मोठी पिशवी लावली, ती कापडी पिशवीत घातली आणि बंद लांब सोडून गुडघ्याशी हातात धरली. नळी सदऱ्याच्या आडोशाने खाली सोडली होती. बघणाऱ्याला वाटावं, पाहुणा नारळ-साखर घेऊन आलाय.

आणि नेमकं तसंच वाटलं.

आमच्या भागात पाहुण्याच्या हातात पिशवी राहिलेली चालत नाही. अंगणात पाऊल पडलं की पाय धुवायला पाणी, आणि पाणी द्यायच्या आधी हातातली पिशवी काढून खुंटीला. पाहुणा आपली पिशवी घेऊन ओटीवर बसला तर घराण्याची अब्रू गेली. पाहुण्यानेही लगेच पिशवी सोडायची नसते. तो 'राहू दे, राहू दे' म्हणतो, घरचा ओढतो, पाहुणा आवळून धरतो, घरचा जोर लावतो. जितकं जास्त 'राहू दे' तितका पाहुणा घरंदाज.

माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, मांडवाच्या तोंडाशीच उभा होता. गडी अंगाने दांडगा, त्यात मुलीचा बाप, नवा कोरा पांढरा सदरा. मला बघून त्याला इतका आनंद झाला की तो धावतच आला.

"या भावोजी! द्या ती पिशवी इकडे."

"राहू दे," मी म्हणालो.

"आसा कसा राहू दे? द्या."

"अरे खरंच राहू दे."

खरंच राहू दे, असं तर प्रत्येकच पाहुणा म्हणतो. त्याने हसत हसत बंदाला हात घातला. मी दोन्ही हातांनी पिशवी धरली. आजूबाजूच्या बायका कौतुकाने बघू लागल्या, काय हा मानपान! 'लघवी' हा शब्द माझ्या ओठावर होता, पण समोर व्याही, विहीणबाई, हळदीकुंकवाचं तबक घेतलेल्या सुना. साऱ्या मांडवात तो शब्द मी कसा काढणार? बायको मागे गाडीतून उतरत होती. तिने बघितलं आणि ओरडली, "रे, सोड!" तिच्या भावाला वाटलं, तीही मानपानाचंच बोलतेय. त्याने हिसका दिला.

आतून कोणीतरी आतडं धरून ओढावं तशी कळ मस्तकात गेली. मी गुरासारखा ओरडलो. जोडावर नळी निसटली, पिशवी त्याच्या हातात गेली आणि हिसक्यात कलंडलेली ती खुंटीला लावायला म्हणून त्याने तशीच उंच धरली. मग सगळं खाली आलं. त्याच्या नव्या सदऱ्यावर, चटईवर, पाय धुवायच्या तांब्यात. कोणीतरी नाकाला पदर लावला. कोणीतरी म्हणालं, दारू आणली होती का? माझ्या नळीतून रक्त ठिबकत होतं आणि लोक वास घेऊन दारू कुठली ते ठरवत होते.

मुरबाडच्या दवाखान्यात नळी बदलली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात, जखम आठवड्यात भरेल, मग चालायला हरकत नाही. ताप आला, उतरला, रक्त थांबलं. आठवडा कधीच सरला. पण मी उठलो नाही.

मला माणसांची किळस आली होती आणि स्वतःची त्याहून जास्त. डोळे मिटले की पांढरा सदरा दिसायचा, त्यावरून ओघळणारं दिसायचं. बाहेर पडलो तर नाक्यावरची माणसं हसू दाबणार. चुलती पुन्हा यायला लागली होती, रंग सांगायला लागली होती. मी गोधडी डोक्यावरून घ्यायचो. मेव्हणा रोज फोन करून रडायचा. मी फोन घेत नव्हतो. उद्या चालू, परवा चालू असं म्हणता म्हणता संक्रांत जवळ आली. जिथे थोरला भाऊ पडला होता त्याच ओटीवर मी पडलोय, हे मला कळत होतं. कळून काही होत नव्हतं.

एका सकाळी बायको बादली घेऊन आली. पिशवी काढली आणि परसात जायच्या ऐवजी माझ्या समोरच बादलीत ओतली. बादली खाटेच्या उशाशी आणून ठेवली, माझ्या नाकाखाली.

"उठा," ती म्हणाली.

"उद्या बघतो."

"मला ह्याची किळस येते." आवाज शांत होता. "पहिल्या दिवसापासून येते. तीनदा हात धुते, मग भाकरी थापायला बसते, तरी नाकातून वास जात नाय."

 मी म्हणालो, "आणि आपलंच तर हाय म्हणायचीस ते?"

"तुमी रोज चालत होता म्हणून म्हणत होते. संक्रांतीनंतर नळी निघंल, हे सगळं सरंल, म्हणून सोसत होते. आता तुमी ही जन्माची करायला बसलात. तुमच्या भावाचं मी धुतलंय. पुन्यांदा नाय धुणार."

तिने बादली उचलली. या वेळी परसाच्या टोकापर्यंत गेली नाही, भिंतीपलीकडच्या मोरीतच गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मागोमाग तिच्या ओकण्याचा. दाबून ठेवलेला, पोट पिळून काढणारा, बराच वेळ. लपवायची तिने काही खटपट केली नाही.

मी खाटेवरून पाय खाली सोडले.  लहान पिशवी पोटरीला बांधताना पट्टी दोनदा चुकली. ती तोंड पुसत बाहेर आली तेव्हा मी पायरीवर बसून चपला घालत होतो.  ती चुलीपाशी गेली आणि भाकरीचं पीठ मळायच्या आधी पुन्हा हात धुवायला लागली.