मामंजीले वॉर्न केलं तो दिवस

ये इकडे, जवळ बस. पत्र वाचतानाही जवळच बसावं लागते, दुरून डोळे फिरवले की मग मधलं मधलं सुटते तुझं. आणि काय गं, आजीले हसतेस? तुझ्या पत्रात लिहिलं आहेस की वॉर्न हे क्रियापद पाठ आहे पण वाक्यात घालता येत नाही, आणि वर पुन्हा खाली, 'तुले नाही समजायचं आजी.' शाळेचं तोंड नाही पाहिलं मी, हे खरं. पण हा एक शब्द मले तुझ्या मास्तरापेक्षा जास्त समजते. ऐक.

मी नवीन लग्न होऊन जऊळक्याले आले तेव्हा आमचा भाजीचा मळा स्टेशनाजवळ होता. तुझ्या आजोबाले रेल्वेत लागायचं वेड. स्टेशनावरच्या बाबूनं एक फाटकं इंग्रजी पुस्तक दिलं होतं, ते घेऊन दुपारी आंब्याखाली बसत. मी मेथीच्या जुड्या बांधायची आणि ते मोठ्यानं घोकायचे. ऐकून ऐकून मलेही येऊ लागलं. अक्षरंही तिथंच शिकली, मातीत काडीनं.

वॉर्न आलं त्या दिवशी ते म्हणाले, याचा अर्थ आधी सांगणं. घडून गेल्यावर सांगितलं तर ती नुसती बातमी झाली. आणि ज्याले सांगायचं त्याच्याकडे तोंड करून सांगायचं, भिंतीले सांगून चालत नाही. मग मले म्हणाले, वाक्य कर. मी म्हटलं, "आय वॉर्न यू, मेथी सुकून राह्यली." ते इतके हसले की पुस्तक वाफ्यात पडलं.

पण भिंतीचं बोलले ते माझ्या मनाले लागलं. आमच्या घरी सून सासऱ्याशी बोलत नसे. दोन वर्षं झाली होती, मामंजीनं माझा आवाज ऐकला नव्हता. जेवण वाढलं की बांगड्या वाजवायच्या. जास्त काही सांगायचं असलं तर गाईले सांगायचं: गाई, पाव्हणे आले हो. गाय कान हलवे, मामंजी उठत. भिंतीले सांगणंच की ते.

तर एका सकाळी आजोबा भाजी घेऊन बाजाराले गेलेले, सासूबाई घरी. मळ्यात मामंजी मोट हाकत होते आणि मी वांग्याच्या वाफ्याले पाणी वळवत दारं धरून होते. तू मोट पाहिली नाहीस. चामड्याची मोठी थोरली पिशवी विहिरीत सोडायची, तिचा जाड दोर बैलाच्या जुवाले बांधलेला, त्याले नाडा म्हणत. बैल उतारावरून, म्हणजे धावेवरून, खाली गेले की पाणी वर येते. आणि उतरताना हाकणारा त्या ताणलेल्या नाड्यावरच बसते, झोक्यावर बसल्यावाणी. मामंजीची ती आवडीची जागा.

पाणी थांबलं म्हणून मी पाटाच्या कडेनं वर गेले. बैल विहिरीकडे परतले होते, नाडा सैल पडला होता. जुवापासून हातभरावर तो उंदरांनी कुरतडलेला. तीन पेडातला एकच धड होता. शेजारच्या मळ्यात तसाच नाडा तुटून भरली मोट खाली गेली होती, आणि त्यावर बसलेला माणूस मागं फेकला जाऊन कायमचा अंथरुणाले खिळला होता.

मी बांगड्या वाजवल्या. मामंजी मागं न पाहता म्हणाले, "पानी तितंच ठेव." त्याइले वाटलं मी प्यायचं पाणी आणलं. गाय जवळ नव्हती. बैलाले सांगावं म्हटलं, तर तेही भिंतीले सांगणंच, मामंजी मागं पाहणार नव्हते. मोट बुडाली, मामंजीनं गाणं सुरू केलं, बैल वळले. आता ते बसणार.

मराठीत बोलले तर रीत मोडते. तेवढ्यात मनात आलं, इंग्रजीले काही रीत नसेल. वेडंच मन ते. पदर ओढला, त्याइच्याकडे तोंड केलं आणि जीव खाऊन ओरडले, "आय वॉर्न यू!"

गाणं थांबलं. बैलही थांबले. त्याइले शब्द कळला नव्हता, पण सून बोलली एवढ्यानंच माणूस जागच्या जागी उभा राहिला. मी बोट दाखवलं. त्याइनं नाडा हातात घेतला, दोन पेड तसेच गळून आले. मग ते धावेवर खाली बसले. मी वाफ्यात पळाले आणि रडले, मामंजी वाचले म्हणून की आता घरी काय होईल म्हणून, कोण जाणे.

शेजारच्या मळ्यातल्यांनी ऐकलं होतं, घरी गोष्ट माझ्या आधी पोचली. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दोन वर्सं मुकी, अन् तोंड उगडलं तं मडमेवानी." मी ओसरीत जाऊन मेथी निवडत बसले. मामंजी हातपाय धुऊन ओसरीत आले. दाराआडून नाही, समोर येऊन उभे राहिले.

"पोरी," म्हणाले, "तुले काही दिसलं की सांगत जाय. अन् मले समजन असं सांग."

त्यानंतर मी त्याइच्याशी बोलू लागले. पहिले काही दिवस जीभ अडखळे. पुढं त्याइचे डोळे अधू झाले तेव्हा, मामंजी पायरी आहे, मामंजी चिखल आहे, असं म्हणत मीच हात धरून मळ्यात न्यायची. त्याइनंही तो शब्द पकडला होता. मी विहिरीवर निघाले की ओसरीतून म्हणत, "वार्न बरं का पोरी, शेवाळ हाय."

तर असं घालायचं असते वाक्यात. माणूस आवडता असला की आपोआप घातलं जाते. ती विहीर आहे अजून, मोट नाही. पायऱ्यांवर शेवाळ आहेच, आणि आता ओसरीतून म्हणायले मीच उरले आहे. शाळेले सुटी लागली की निघ, बाई. ये लवकर.