कणकेचा रस्ता

इंगोले नानांच्या डब्याचा वरचा कप्पा कच्च्या कणकेनं भरलेला असायचा. वाशीमच्या रस्त्यांच्या ऑफिसात मी पहिल्या दिवशी हजर झाले, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला हा हेड ड्राफ्ट्समन बाह्या सारून टेबलावर कणीक थापत बसला होता. मला वाटलं, आपण चुकून कुठल्या तरी खानावळीत शिरलो. मी दारातूनच मागे फिरत होते, तर ते मान वर न करता म्हणाले, "ये बाई, ये. मंगरूळचा रस्ता करून राह्यलो."

आणि खरोखरच तो रस्ता होता हो! मधे हलका उंचवटा, दोन्ही कडांना फुटपट्टीनं कापलेले चिमुकले दगड, दगडांना लागून बोटानं ओढलेली नाली. नकाशा तयार झाला की नाना त्यातली मापं अशी कणकेत उतरवायचे, नालीच्या एका टोकाला ग्लासभर पाणी सोडायचे आणि हनुवटी टेबलाला टेकवून बघत राहायचे. पाणी ठरलेल्या बाजूनं गेलं तरच नकाशा पुढे जाणार. "पाण्याले नकाशा वाचता येत नाई, बाई," ते म्हणायचे, "त्याले फक्त उतार समजते." नाना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण हे वाक्य अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

नानांच्या घरच्या काकूंची तक्रार असायची की सरकारपायी घरात रोज दोन पोळ्या कमी पडतात. संध्याकाळी तो रस्ता बाहेर उभ्या असलेल्या गाईला जायचा. एकदा ऑफिसच्या मोठ्या बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, एका रस्त्याचं काय झालं म्हणून विचारलं, तर नानांनी शांतपणे सांगितलं की तो मंजूर झाला होता, पण गाईनं खाल्ला. बाबूंनी हे लिहून घेतलं की काय, कोण जाणे.

मी ट्रेसर होते. म्हणजे पेन्सिलीचा नकाशा मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर शाईनं गिरवायचा. आसेगावहून या कामाला आलेली मी पहिली मुलगी, आणि ऑर्डर फक्त सहा महिन्यांची. साहेबांनी पक्कं केलं तर नोकरी, नाहीतर पुन्हा गावी कापूस वेचायला. बाबांनी मात्र अख्ख्या वस्तीत सांगून टाकलं होतं की पोरगी सरकारी झाली.

शेलूबाजारच्या रस्त्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी घोळ घातला. रेषा ओढून झाल्यावर शाई वाळवायला कापड उचललं आणि परत ठेवताना पालथं ठेवलं. रेषा दोन्हीकडून सारख्याच दिसतात ना! वर नावं जिथल्या तिथे लिहिली: डावीकडे नाला, उजवीकडे बाजाराचा ओटा. रेषा मात्र फिरल्या होत्या. नालीचा सगळा उतार नाल्याऐवजी ओट्याकडे झाला आणि मला पत्ताच नाही.

नेमके त्या दिवशी अकोल्याहून साहेब आले, पांढरी शुभ्र पॅन्ट घालून. माझ्या नोकरीचा निकालही तेच देणार होते. नानांनी माझ्या ट्रेसिंगप्रमाणे कणीक मांडून ठेवली होती. साहेब हसत उजव्या बाजूच्या खुर्चीत बसले. आज पाणी मीच सोडतो म्हणाले, आणि गंमत म्हणून बशीतला चहा नालीत ओतला. चहा मोठ्या रुबाबात निघाला, नाल्याकडे पाठ फिरवून थेट उजवीकडे आला आणि टेबलावरून साहेबांच्या मांडीवर उतरला.

नाना हनुवटी टेबलावर ठेवूनच म्हणाले, "साहेब, तुमी बाजाराच्या ओट्यावर बसून राह्यले."

साहेबांनी विचारलं, ट्रेसिंग कुणाचं? मी उठून माझंच म्हणाले. आता संपलं सगळं, असं वाटलं. तेवढ्यात नाना उभे राहिले. "पक्की करा पोरीले. चूक कागदावर राह्यली असती तर इसरली असती. तुमच्या पॅन्टवरची जन्मभर इसरनार नाई."

साहेबांना हसू आवरेना, पण साहेबच ते. आधी रस्ता होऊ द्या, मग बघू, म्हणाले आणि माझी मुदत तेवढी वाढवून गेले. मी तो नकाशा तीनदा काढला.

रस्ता झाला त्या आठवड्यात नाना मला एसटीनं शेलूबाजारला घेऊन गेले. एका चहावाल्याकडून बादली मागितली, नालीच्या वरच्या टोकाला रिकामी केली आणि पाण्यासोबत चालू लागले. मी त्यांच्या मागे. बाजारातली माणसं सौदे सोडून आमच्याकडे बघत होती. मधेच कडब्याच्या काड्या अडकल्या आणि पाणी थबकलं. मी वाकले, तर नानांनी मला मागे ओढलं. "हात लावू नोको. त्याचं ते पायते."

पाणी फुगलं, काड्या सुटल्या आणि ते पळत सुटलं. मग आम्हीही पळालो, मी साडी सावरत आणि नाना धोतराचा सोगा धरून, थेट नाल्यापर्यंत! पाणी खाली पडल्याचा आवाज आला. नाना धापा टाकत वळले आणि म्हणाले, "झाली तू पक्की."

साहेबांची ऑर्डर त्यानंतर दोन आठवड्यांनी आली. मी धावत जाऊन ती नानांपुढे धरली, तर त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"मले काहून दाखवून राह्यली, बाई? जुनी खबर आहे ते."