हवसरांचं परतीचं तिकीट

आम्हाला रग्बी शिकवणाऱ्या सरांची अख्खी नोकरी रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर गेली. पण आमचा मुलींचा रग्बीचा संघ बाहेरगावी खेळायला निघाला की हा माणूस परतीचं तिकीट म्हणून काढायचा नाही. जाण्याचं आरक्षण पक्कं, येण्याचं नाव नाही. "परतीची गाडी डोक्यात असली का पाय स्टेशनाकडेच पळतात," म्हणायचे. साखळीत हरलं तर पुढचा सामना तरी असतो. बाद फेरीत हरलं की थेट घर, आणि त्या घराचा विचारसुद्धा त्यांना खपत नसे.

सर मूळचे अमरावतीकडचे, पण जन्म गेला रायपुरात. संघातल्या बहुतेक मुली तिथल्याच उरला या कारखान्यांच्या भागातल्या कामगारवस्तीतल्या, छत्तीसगढी बोलणाऱ्या. चौबे कॉलोनीतली मराठी पोट्टी मी एकटीच. एका सामन्याआधी समोरच्या धिप्पाड मुलीकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं, "थांबवशील न तिले?" मी म्हटलं, "पाहू, सर." झालं! "पाहू काय वं? पाहाले लोकं बसले न बाहेर! या पोट्ट्या 'हो'ले 'हव' म्हणतात न, तसं म्हण. हव!" तेव्हापासून त्यांनी काहीही विचारलं की आम्ही सगळ्या एका सुरात ओरडायचो, "हव, सर!" शेवटी त्यांचं नावच हवसर पडलं.

आता म्हणाल, मग जिंकलात किती? कशाचं काय! उपांत्य फेरी जणू आमच्या वाटेत अडून बसलेली. भोपाळला तर मध्यंतरापर्यंत आम्ही पुढे होतो. पाणी पिता पिता अंतिम सामन्यात समोर कोण येईल याच्याच गप्पा रंगल्या, आणि नंतरच्या खेळात सगळं घालवून बसलो. परतीचं आरक्षण नव्हतंच. जनरलच्या डब्यात बॅगांवर बसून रडत आलो. सर दाराशी उभे. रागावले नाहीत. दुर्ग गेल्यावर एवढंच म्हणाले, "तुम्ही फायनल खेळून राहिल्या होत्या. सेमी तर त्यायनंच खेळली." मला राग आला, कारण ते खरं होतं.

पुढच्या वर्षी कप आणून त्यांच्या हातात द्यायचा, असं आम्ही ठरवून टाकलं. तेवढ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं, नागपूरला. आम्ही सगळ्या स्टेशनवर पोचवायला गेलो. काकूंचा चेहरा उतरलेला. जरा हसावं सगळ्यांनी म्हणून मी छेडलं, "सर, परतीचं काढलं नसेलच तुम्ही!"

सरांनी खिशातून मोबाइल काढून पुढे धरला. दोघांचं परतीचं तिकीट.

"या बारीले काढलं," ते हळूच म्हणाले. "आता घरी येणं हाच कप आहे न, बेटा."

"मग येताय ना परत?"

"हव," सर म्हणाले. इतक्या वर्षांत आमचा शब्द त्यांनी आम्हाला पहिल्यांदा दिला.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सर गेले. सगळं नागपुरातच झालं.

काकू मात्र त्याच तिकिटावर परत आल्या. आम्ही उतरवून घ्यायला गेलो, तर शेजारच्या जागेवर सरांची बॅग ठेवलेली. मी ती उचलली आणि मला रडू आवरेना. पुढच्या वर्षी आम्ही कप जिंकला, तोही जनरलच्या डब्यातूनच घरी आणला. सगळ्या गात होत्या. मी दाराशी उभी होते.

कप नसता मिळाला तरी चाललं असतं, सर. ती एक गाडी तेवढी तुम्ही पकडायला हवी होती.