पुस्तकात नसलेलं वाक्य

इथं सुरतेत शेजारणीची भाकरी तव्यावर जरा करपली, की मी बाहत्तरच्या दुष्काळात पाथर्डीजवळच्या खडीच्या कामावर जाऊन पोचते.

चौथीतच माझी शाळा सुटली होती. निघताना मास्तरीणबाईंनी कव्हर गेलेलं एक पुस्तक दिलं होतं, एका बाईनं स्वतः लिहिलेली तिची गोष्ट. कामावरच्या दुपारच्या सुट्टीत मी ते आईला वाचून दाखवायचे. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लाल भाकरी दादा, म्हणजे माझे वडील, आणि भाऊ आधी खायचे. आई उरलं तर.

त्या दुपारी गोष्टीतली बाई म्हणत होती, मी जेवले का, हे मला कुणी कधी विचारलं नाही. मला राहवलं नाही. पुढं मी माझ्याच मनाचं वाचलं, "रांधणारीनं सगळ्यांबरोबर जेवावं."

"आसं लिवलंय?" आईनं विचारलं.

"व्हय," मी पानावरून नजर न काढता म्हणाले.

दादा हसले. "आता पुस्तकं भाकरी वाढाय लागली का!"

आईनं भाकरीचे चार तुकडे केले, तिघांपुढं ठेवले आणि चौथा स्वतः खायला लागली. दादांचं हसू थांबलं. थोड्या वेळानं त्यांनी चटणी तिच्याकडं सरकवली.

घरी परतताना आई हळूच म्हणाली, "उद्या बी वाच. त्यात नसलं तरी वाच."

स्त्रीमुक्ती हा शब्द मी फार उशिरा ऐकला. पुस्तक अजून जवळ आहे. त्या पानाच्या समासात ते वाक्य मी पेनानं लिहून ठेवलंय.